मायनर स्केलचे तीन प्रकार: सहावी आणि सातवी नोट जागा का बदलते

गिटार किंवा कीबोर्ड शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच, की मेजर स्केल एकच आणि मायनरच्या मात्र तीन (नॅचरल, हार्मोनिक आणि मेलोडिक), असं का? आणि त्यातली तिसरी तर चढताना वेगळी, उतरताना वेगळी, हे काय प्रकरण आहे? मलाही पडला होता आणि तेव्हा मला उत्तर मिळालं ते फक्त "पाठ कर" एवढंच. केल्या पाठ. बाराही पट्ट्यांमध्ये केल्या, बोटं धावायला लागली, पण एखादं गाणं ऐकताना यातली नक्की कुठली स्केल चालू आहे ते काही केल्या कळायचं नाही, कारण कुठल्याही गाण्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच प्रकार सापडायचाच नाही, आत्ता नॅचरल वाटतेय तोवर दोन कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणाऱ्या नोट्स) पुढे हार्मोनिक, आणि मग परत नॅचरल.

गोंधळ कुठे होता ते खूप नंतर लक्षात आलं. मी तीन वेगवेगळ्या स्केल्स शोधत होतो. तिन्ही शेजारी शेजारी लिहून बघा, पहिल्या पाच नोट्स तिन्हींमध्ये अगदी सारख्या आहेत, एकही हलत नाही. हलतात त्या फक्त सहावी आणि सातवी. म्हणजे मायनर ही एकच स्केल, तिच्या पाच नोट्स पक्क्या आणि शेवटच्या दोन नोट्सना गरज पडेल तशी अर्धी पायरी वर सरकायची मुभा, असं मनात धरा. मग प्रश्न एवढाच उरतो की त्या कधी सरकतात आणि का सरकतात, आणि खरी मजा त्या "का" मध्येच आहे.

सगळी उदाहरणं ए मायनरमध्ये देतो म्हणजे कीबोर्डवर बघायला सोपं जाईल. ए पासून सुरू करून वरच्या ए पर्यंत फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा: ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, ए. ही झाली नॅचरल मायनर. सरगमची सवय असेल तर ए ला सा माना, मग ग, ध आणि नी कोमल, बाकी सगळे शुद्ध. हाफ स्टेपमध्ये मोजायचं तर अंतरं येतात 2, 1, 2, 2, 1, 2, 2. हाफ स्टेप म्हणजे लगेच शेजारची पट्टी, मग ती काळी असो की पांढरी, आणि गिटारवर एक फ्रेट. सी मेजरमध्ये ज्या सात नोट्स आहेत त्याच इथेही आहेत, फक्त घर बदललंय, तिथे सगळं सी वर येऊन थांबतं आणि इथे ए वर. मायनरचा तो खास गंभीर रंग येतो तिसऱ्या नोटमुळे, ए पासून सी पर्यंत 3 हाफ स्टेप्स आहेत आणि मेजरमध्ये त्याच जागी 4 असतात. ही तिसरी नोट तिन्ही प्रकारांत जागची हलत नाही, म्हणून तर तिन्हींना मायनर म्हणायचं.

आता पुढे जायच्या आधी एक गोष्ट स्वतः करून बघा. सा रे ग म प ध नी असं साधं शुद्ध स्वरांत म्हणा आणि नी वर थांबा. थांबवत नाही ना? वरचा सा म्हटल्याशिवाय चैन पडत नाही, कारण शुद्ध नी आणि सा यांच्यात फक्त एक हाफ स्टेप आहे आणि तो नी सा कडे ओढला जातो. म्हणून पाश्चात्त्य संगीतात या नोटला लीडिंग टोन म्हणतात, घराकडे घेऊन जाणारी नोट. आता तेच ए मायनरमध्ये करा, ए बी सी डी ई एफ जी, आणि जी वर थांबा. इथे थांबता येतं. जी आणि ए मध्ये दोन हाफ स्टेप्सचं अंतर आहे, ओढ सैल पडलेली आहे. नॅचरल मायनरची पहिली अडचण ही.

हातात गिटार असेल तर हे अजून स्पष्ट ऐकू येईल. ई मायनर कॉर्ड धरा, दुसऱ्या फ्रेटवर दोन बोटं, पाचव्या आणि चौथ्या तारेवर, बाकी तारा मोकळ्या. वाजवा आणि त्यानंतर ए मायनर वाजवा. छान आहे, मऊ आहे, पण "आलो घरी" असं काही वाटत नाही. आता परत ई मायनर धरा आणि त्यातच पहिलं बोट तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर टेका, झाली ई मेजर. ती वाजवा, क्षणभर थांबा आणि मग ए मायनर वाजवा. फरक कानावर आदळतो. काय बदललं? तिसरी तार मोकळी असते तेव्हा जी वाजते, पहिल्या फ्रेटवर दाबली की जी शार्प, आणि जी शार्प ए पासून फक्त एक हाफ स्टेप खाली आहे. एका बोटाने आपण लीडिंग टोन परत आणला. मी कुणालाही हार्मोनिक मायनर समजावताना कागदाला हात लावायच्या आधी हे एक बोट ठेवायला आणि उचलायला सांगतो, पाच मिनिटं तेवढंच करायचं, अर्धा विषय तिथेच संपतो.

त्याच ई मेजरमध्ये डी मिसळली की ई सेव्हन होते (ई, जी शार्प, बी, डी) आणि ओढ आणखी वाढते, कारण आता दोन नोट्स ओढ घ्यायला लागतात. जी शार्पला वर ए कडे जायचंय, डी ला खाली सी कडे उतरायचंय, आणि ए आणि सी या दोन्ही ए मायनर कॉर्डमधल्याच नोट्स. म्हणून पाचव्या नोटवरची कॉर्ड, जिला डॉमिनंट म्हणतात, ती मायनर गाण्यात बहुतेक वेळा मेजर किंवा सेव्हन्थ करून वाजवली जाते.

तर कॉर्डसाठी सातवी नोट वर सरकवली. ती स्केलमध्ये लिहून टाका: ए, बी, सी, डी, ई, एफ, जी शार्प, ए. हीच हार्मोनिक मायनर. नावातच कारण आहे, हार्मनी म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा मेळ, म्हणजे कॉर्ड्स, आणि ही नोट कॉर्ड्सच्या गरजेतून आली. कुणीतरी बसून एक नवीन स्केल शोधून काढली असं झालेलं नाही. स्केलला नाव नंतर पडलं, नोट वर सरकवायची सवय त्याच्या कितीतरी आधीची. पंधराव्या सोळाव्या शतकातले गायक तर ओळीच्या शेवटी घरी पोचताना ही नोट वर उचलून गायचे आणि ते कागदावर बऱ्याचदा लिहिलेलंही नसायचं, गायकाला ते ठाऊकच असणार असं धरलेलं असायचं, या प्रथेला मुझिका फिक्टा म्हणतात.

बेथोव्हेनचं फ्यूर एलिझ बहुतेकांनी ऐकलेलं असतं, ते ए मायनरमध्ये आहे. सुरुवात ई, डी शार्प, ई, डी शार्प, ई, बी, डी, सी, ए. पुढे उजवा हात सी, ई, ए वरून बी वर जातो आणि तिथून ई, जी शार्प, बी करत सी वर येतो. ही मधली जी शार्प म्हणजे ई मेजर कॉर्डची नोट, आत्ता आपण बोटाने ठेवली तीच. इथे एक सावधगिरी, सुरुवातीची ती प्रसिद्ध डी शार्प मात्र मायनरच्या कुठल्याच प्रकारातली नाही. ती ई ला खालून हलकेच चिकटून येणारी शेजारची नोट आहे, नुसती सजावट. बघा, लगेच पुढे बी नंतर साधी डी आलीच. प्रत्येक शार्पसाठी नवीन स्केल शोधायला जाऊ नका, चौथी नोट मायनरमध्ये पक्कीच आहे.

हार्मोनिक मायनरने कॉर्डचा प्रश्न सोडवला पण चालीसाठी नवीन खड्डा खणून ठेवला. अंतरं मोजा: 2, 1, 2, 2, 1, 3, 1. तो 3 दिसतोय ना, एफ ते जी शार्प. सरळ शेजारच्या दोन नोट्स आणि मध्ये तीन हाफ स्टेप्सची उडी. ई, एफ, जी शार्प, ए असं गाऊन बघा, एफ आणि जी शार्पच्या मध्ये पाऊल अडखळल्यासारखं होतं. जुन्या युरोपियन संगीतात गायकांसाठी लिहिताना ही उडी टाळायचा दंडकच होता. याचा अर्थ ती वाईट आहे असा अजिबात नाही. हीच उडी ऐकली की लोक म्हणतात हे अरबी वाटतंय, हे स्पॅनिश वाटतंय. हार्मोनिक मायनरच्या याच नोट्स ए ऐवजी ई ला घर मानून वाजवल्या, ई, एफ, जी शार्प, ए, बी, सी, डी, तर फ्लामेंको गिटारचा तो ओळखीचा रंग लगेच समोर उभा राहतो. ज्याला तो रंग हवाय त्याने ती उडी मुद्दाम वापरावी. पण ज्याला चाल गुळगुळीत हवीये, उडी जाणवायला नको आहे, त्याला काहीतरी मार्ग काढावा लागतो.

मार्ग असा, की सातवी वर गेलीच आहे तर तिच्याबरोबर सहावीलाही वर घ्या. एफ ची एफ शार्प करा. मग ए, बी, सी, डी, ई, एफ शार्प, जी शार्प, ए. अंतरं 2, 1, 2, 2, 2, 2, 1, खड्डा बुजला. ही मेलोडिक मायनर, मेलडी म्हणजे चाल, चालीसाठी केलेली सोय. वरची अर्धी बाजू, ई ते ए, हुबेहूब ए मेजरसारखी झालीये, फक्त तिसऱ्या नोटमुळे मायनर ओळखू येते. आणि उतरताना मात्र परत साध्या पांढऱ्या पट्ट्या, ए, जी, एफ, ई, डी, सी, बी, ए.

उतरताना का बदलायचं, इथे बहुतेक जण अडकतात आणि पुस्तकं "असा नियम आहे" म्हणून मोकळी होतात, म्हणून इथे जरा थांबतो. दोन नोट्सचा स्वभाव बघा. जी शार्प ए च्या खाली अगदी खेटून बसलीये, तिची ओढ वरच्या दिशेला. एफ ही ई च्या वर अगदी खेटून बसलीये, तिची ओढ खालच्या दिशेला. म्हणजे चढताना आपल्याला ए कडे जायचंय, जी शार्प मदत करते पण एफ उलट मागे खेचते, म्हणून एफ च्या जागी एफ शार्प घेतली. उतरताना आपण ए सोडून ई कडे निघालोय, आता एफ मदत करते आणि जी शार्प मागे खेचायला लागते, म्हणून तिच्या जागी साधी जी. एवढंच आहे ते. डोंगर चढताना आणि उतरताना आपण पाऊल वेगळं टाकतो, तसं.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर बाखची ई मायनर बुरे (हा एक जुना नृत्यप्रकार) काढा, ल्यूट या गिटारसारख्या जुन्या वाद्याच्या सुइटमधली, बीडब्ल्यूव्ही 996 (हा बाखच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), क्लासिकल गिटार शिकणारे लवकरच या तुकड्यापाशी येतात. ई मायनरमध्ये साध्या सहाव्या सातव्या नोट्स आहेत सी आणि डी. वरची चाल सुरू होते ई, एफ शार्प, जी, एफ शार्प, ई, डी शार्प, ई, एफ शार्प, मग बी वर येते आणि तिथून चढते, बी, सी शार्प, डी शार्प, ई. दोन्ही नोट्स वर सरकलेल्या. ई ला टेकली की लगेच उतरायला लागते, डी, सी, बी, ए, जी. दोन्ही परत खाली. चढण आणि उतार एकाच श्वासात, मोजून काही सेकंदांत. मी ही ओळ पहिल्यांदा स्केल डोक्यात ठेवून वाजवली तेव्हा वर्षभर पाठ केलेलं एकदम जिवंत झाल्यासारखं वाटलं होतं, म्हणून माझं सांगणं असतं की मेलोडिक मायनरचा सराव नुसता वरखाली करण्यापेक्षा ही एक ओळ बसवा.

पण चढताना वर, उतरताना खाली हे सुद्धा ब्रह्मवाक्य नाही. खरा हुकूम चालतो तो खाली वाजणाऱ्या कॉर्डचा. समजा मागे ई मेजर कॉर्ड चालू आहे आणि चाल ए वरून खाली ई पर्यंत उतरतेय. अशा वेळी साधी जी घेतली तर ती कॉर्डमधल्या जी शार्पला आपटते. मग उतरतानासुद्धा ए, जी शार्प, एफ शार्प, ई घेतात, बाखच्या संगीतात अशा जागा भेटतात. आणि जॅझवाले तर हा चढउताराचा भाग सरळ बाजूलाच ठेवतात, त्यांच्यासाठी मेलोडिक मायनर म्हणजे चढतानाचीच, दोन्ही दिशांना तीच. तिच्यावरून त्यांनी पुढे बरंच काही उभं केलंय, उदाहरणार्थ जी सेव्हन कॉर्डवर तणाव वाढवायचा असेल तर ए फ्लॅट (फ्लॅट म्हणजे अर्धी पायरी खाली, शार्पच्या उलट) मेलोडिक मायनर वाजवतात आणि तिला जी ऑल्टर्ड म्हणतात, पण तो वेगळा मोठा विषय आहे.

तीन प्रकार एकाच गाण्यात कसे नांदतात ते बघायला चार कॉर्ड पुरेत: ए मायनर, जी, एफ, ई. कॉर्ड्सचा हा क्रम इतक्या गाण्यांत आहे की वाजवला की ओळखीचा वाटतोच. दुसऱ्या कॉर्डमध्ये साधी जी आहे, चौथ्यामध्ये जी शार्प. मग हे गाणं नॅचरल मायनरमध्ये आहे की हार्मोनिकमध्ये? प्रश्नाला अर्थच उरत नाही. गाणं ए मायनरमध्ये आहे, सातवी नोट खाली उतरत असताना साधी राहिली आणि घरी परतायची वेळ आली तेव्हा वर सरकली. तसंच, हार्मोनिक मायनरच्या नोट्स घेऊन प्रत्येक पायरीवर कॉर्ड बनवली तर तिसऱ्या पायरीवर सी, ई, जी शार्प अशी ऑगमेंटेड, म्हणजे वरची नोट अर्धी पायरी ताणलेली, कॉर्ड येते आणि पुस्तकात ती तशी छापलेलीही असते. प्रत्यक्षात ए मायनरच्या गाण्यांत जवळपास नेहमी साधी सी मेजरच वाजते. सातवी वर सरकते ती मुख्यतः डॉमिनंट कॉर्डपुरती, सगळीकडे नाही, त्यामुळे पूर्ण गाण्यावर हार्मोनिक मायनर फासायला गेलात की सोलो वाजवताना निम्म्या कॉर्डवर जी शार्प बोचायला लागते. नवीन गिटारवाल्यांच्या बाबतीत हे फार होतं. ए मायनर, सी, जी, एफ यांवर साध्या नोट्स घ्या, ई आली की तेवढ्यापुरती जी शार्प घ्या.

नोटेशन वाचणाऱ्यांना यातूनच एक गोष्ट उलगडेल. की सिग्नेचर, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला एकदाच लिहिलेले शार्प किंवा फ्लॅट, नेहमी नॅचरल मायनरचीच लिहितात, ए मायनरला एकही शार्प नाही, आणि जी शार्प जिथे लागेल तिथे नोटच्या शेजारी चिन्ह टाकतात. म्हणून कागदावर की सिग्नेचर रिकामी आहे पण जी शार्प वारंवार भेटतेय, तर ती सी मेजर नसून ए मायनर असण्याची शक्यता दाट, शेवटची बासची नोट बघा म्हणजे खात्री होईल. बाखच्या काळात तर हे इतकं पक्कं ठरलेलंही नव्हतं. त्याची ऑर्गनसाठीची डी मायनर टोकाटा आणि फ्यूग, बीडब्ल्यूव्ही 538, हिला डोरियन (डी पासून डी पर्यंत फक्त पांढऱ्या पट्ट्या, अशा जुन्या स्केलचं नाव) असं टोपणनाव पडलं ते एवढ्याचसाठी, की डी मायनरला आज आपण एक फ्लॅट लिहितो आणि तिथे तो लिहिलेलाच नाही, बी फ्लॅट लागेल तिथे तिथे घातलाय. म्हणजे आपण ज्याला "साधी" सहावी म्हणतो तीच तिथे खास चिन्ह लावून येते. सहावी नोट दोन्ही रूपांत सारखीच आपली वाटत होती, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार.

रागसंगीत ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात, नॅचरल मायनरचे स्वर म्हणजे आसावरी थाटाचे स्वर. हार्मोनिकचे स्वर किरवाणीत भेटतात, आणि चढत्या मेलोडिकचे, म्हणजे कोमल ग आणि बाकी सगळे शुद्ध, ते पटदीपमध्ये. भातखंड्यांच्या दहा थाटांत या दोन्हींना स्वतंत्र थाट नाही, कर्नाटक संगीताच्या 72 मेळांत मात्र आहे, किरवाणी 21 वा आणि गौरीमनोहरी 23 वा. स्वर तेच असले तरी राग म्हणजे स्केल नव्हे हे सांगायला नकोच, पण कान आधीच तयार असेल तर त्याचा फायदा जरूर घ्या.

सरावासाठी गिटारची पाचवी तार मोकळी छेडून गुंजत ठेवा, किंवा कीबोर्डवर खालचा ए दाबून ठेवा, आणि त्यावर फक्त वरच्या चार नोट्स गा. आधी ई एफ जी ए, मग ई एफ जी शार्प ए, मग ई एफ शार्प जी शार्प ए. गळ्याने गा, बोटांनी नको, कारण बोटं न ऐकताही बरोबर जागी जातात. आठवडाभर रोज थोडं केलं तरी गाण्यातली सातवी नोट वर आहे की खाली हे आपोआप ऐकू यायला लागतं.

ए मायनरमधून दुसरीकडे जाताना एक चूक बरेच जण करतात, वर सरकवायची म्हणजे शार्प लावायचा असं धरून चालतात. सी मायनरमध्ये सहावी ए फ्लॅट आणि सातवी बी फ्लॅट आहे, त्या वर सरकल्या की साध्या ए आणि बी होतात, म्हणजे तिथे नॅचरलचं चिन्ह लागतं. आणि जी शार्प मायनरमध्ये सातवी एफ शार्प आधीच शार्प आहे, तिला अजून वर न्यायची तर एफ डबल शार्प होते. कीबोर्डवर ती पट्टी जी चीच आहे, पण कागदावर जी लिहीत नाहीत, कारण सातव्या नोटचं अक्षर एफ आहे आणि सरकली तरी ती सातवीच राहते.